दोन घरांची किडनी

मित्रांनो, मी सत्तेचाळीस वर्षांची एक जुनी किडनी आहे, आणि ज्या शरीरात मी राहते ते शरीर त्रेचाळीस वर्षांचे आहे. हिशेब जुळत नाही ना? नव्या घरात जुने कपाट आणून ठेवावे, तशी मी इथे आले आहे. कशी आले, तेच आज सांगणार आहे. पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तुम्ही मला किडनीच म्हणा, मला त्याची सवय आहे.

तुम्ही विचाराल, तुला ना डोळे ना कान, मग तुला एवढे सगळे कळले कुठून? माझ्याकडे रक्त येते, मित्रांनो. ते मिनिटामिनिटाला अंगभर हिंडून येते आणि त्याच्या पोटात काहीच राहत नाही. कोण घाबरले, कोण रागावले, कोणी चोरून काय खाल्ले, सगळे ते माझ्यापाशी येऊन ओकते. शिवाय माणसाचा आवाज पाठीच्या कण्यातून खाली उतरतो, आणि मी कण्याला टेकूनच लहानाची मोठी झाले.

माझा जन्म एका मुलीबरोबर झाला. आम्ही दोघी जुळ्या. मी डावी आणि माझी बहीण उजवी. तिच्या डोक्यावर यकृताचे ओझे, म्हणून ती माझ्यापेक्षा बोटभर खाली बसायची आणि त्यावरून कुरकुरायची. आमचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, पण दाणा मुठीएवढा. प्रत्येकीच्या आत सुमारे दहा लाख बारीक नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक गाळणी. दोघी मिळून आम्ही दिवसाला एकशे ऐंशी लिटर पाणी गाळायचो. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्ताला द्यायचे आणि दीडएक लिटर लघवी म्हणून बाहेर पाठवायची, हे आमचे रोजचे काम. बालपण सुखाचे गेले. मुलगी तहान लागली की पाणी प्यायची, लागली की जायची, आणि आम्हाला कसली म्हणून तक्रार नव्हती.

ती मुलगी मोठी झाली आणि क्रेन चालवू लागली. उंच इमारती बांधताना त्यांच्याही वर मान काढून उभी असते ना, ती क्रेन. वर काचेची एक केबिन, आणि तिथे जायला उभी शिडी. दोनशे चौदा पायऱ्या. आमच्या बाई सकाळी सातला वर चढायच्या, त्या दुपारच्या भोंग्याला जेवायला उतरायच्या, आणि पुन्हा चढल्या की संध्याकाळी पाचलाच खाली. बाकीचे चालक मधे एकदोनदा उतरायचे. आमच्या बाई कधीच नाही. साइटवर सगळे त्यांना घारबाई म्हणायचे. नवीन आलेल्या माणसाला मुकादम बोट वर करून दाखवायचा, की ती बघ, तिला बसवली की बसली. बाईंना त्याचा फार अभिमान होता.

पण खाली उतरायचे नाही, तर पाणीही प्यायचे नाही. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना एक ग्लास पाणी, की झाले. वर काचेच्या केबिनमध्ये ऊन तापायचे, घाम निथळायचा. रक्तातले पाणी आटायला लागले की मेंदू एक निरोप सोडायचा. तो रक्तातून वाहत माझ्यापर्यंत यायचा. निरोप एकच, की पाणी जपा.

आता पाणी कसे जपतात, ते ऐका. माझ्या आत एक गाभा आहे. तो वरच्या बाजूला बेताचा खारट आणि जसजसे आत जावे तसतसा जास्त खारट. माझ्या कितीतरी नळ्या या गाभ्यात खोल उतरतात आणि केसात खोवायच्या आकड्यासारख्या वळून पुन्हा वर येतात. उतरतानाच्या बाजूतून पाणी झिरपून जाते. चढतानाची बाजू पाण्याला सोडत नाही, ती मीठ बाहेर टाकते. अशा खाली-वर फेऱ्यांनी गाभा खारट होतो आणि तसाच राहतो. शेवटी सगळ्या नळ्यांचे उरलेले पाणी एका मोठ्या नळीत येते, आणि ती नळी या खारट गाभ्यातून खाली जाते. मेंदूचा निरोप आला की तिच्या भिंतीतली बारीक दारे उघडतात. बाहेर खारट, आत कमी खारट, मग पाणी दारांतून बाहेर ओढले जाते आणि रक्तात परत जाते. उरते ती थोडीशी, दाट लघवी. निरोप आला नाही तर दारे बंद राहतात आणि पाणी सरळ निघून जाते.

आणि यात मला मोठी मदत कोण करतो, माहीत आहे? युरिया. हे नाव तुम्ही खताच्या पोत्यावर वाचले असेल. आपण अंडी, मासे, कडधान्ये खातो, त्यातून अंगात जो कचरा उरतो त्याचा यकृत युरिया बनवते. सगळे त्याला टाकाऊ म्हणतात, आणि त्याला बाहेर घालवणे हे माझेच काम आहे. पण मी त्याला लगेच हाकलत नाही. मोठ्या नळीच्या खालच्या टोकाशी त्याच्यातला थोडा मी गाभ्यात उतरवून घेते. तो तिथे मिठाच्या जोडीने बसतो आणि पाणी ओढायला हातभार लावतो. तिथून तो नळीत शिरतो, फेरी मारून पुन्हा खाली येतो, पुन्हा बसतो. माझ्या गाभ्याच्या अगदी तळाशी जी ओढ असते, तिच्यातली जवळजवळ निम्मी या बिचाऱ्याची. मला त्याचे फार कौतुक आहे.

तर अशी वीस वर्षे मी आणि माझ्या बहिणीने घारबाईंना वर बसवून ठेवले. नाव त्यांचे झाले. आमचे नाव कोणी घेतले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे थोडे वाईट वाटायचे. काही दिवस तर इतके कोरडे जायचे की माझी बहीण म्हणायची, आज आपण मुतखडे पाडणार. पण निभावले.

बाईंचा धाकटा भाऊ सलून चालवायचा. बोलका माणूस. गिऱ्हाईक केस कापायला यायचे की त्याच्या गप्पा ऐकायला, हे त्याच्या बायकोलाही ठरवता येत नसे. त्याचे डोके दुखायचे, ते दिवसभर उभे राहून दुखते असे त्याने ठरवून टाकले होते. रक्तदाब त्याने कधी मोजलाच नाही. मोजला तेव्हा उशीर झाला होता. वाढलेल्या दाबाने त्याच्या दोन्ही किडन्या वाळून गेल्या होत्या. मग आठवड्यातून तीन दिवस इस्पितळात जायचे, हाताला सुया टोचून चार तास पडायचे आणि मशीनने रक्त धुऊन द्यायचे. लघवी होतच नव्हती, म्हणून पाणीही मोजून. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आला आणि औषधाचा घोटही आला. अशी दोन वर्षे गेली. गप्पा कमी झाल्या, सलूनचे दार अर्धा वेळ बंद राहू लागले.

भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. बाईंचा जुळला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की तपासण्या नीट आल्या तर एक किडनी भावाला देता येईल. बाई जागच्या जागी हो म्हणाल्या. पण घरी आल्यावर त्या घाबरल्या. ते मला रक्ताने लगेच सांगितले. रोज आपली लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, हे त्यांना माहीत होते. वीस वर्षे आपण किडन्यांना वाळवत ठेवले आणि आता डॉक्टरांना ते कळले तर त्या नाही म्हणतील, आणि भाऊ हातचा जाईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली.

मग त्यांनी तेच केले, जे क्रेनवाली माणसेच करतील. क्रेन तपासायला तपासनीस येणार असला की साइटवर आठवडाभर धांदल उडते. गंजावर रंग मारतात, तारांना ग्रीस चोपडतात, केबिनची काच लखलखीत करतात. बाईंनी आम्हालाही तसेच तयार करायला घेतले. रजा टाकली. रोज सात-सात लिटर पाणी प्यायला सुरुवात केली, म्हणजे आम्ही आतून स्वच्छ धुतल्या जाऊ. अंडी, मासे, कडधान्ये बंद केली, म्हणजे आम्हाला विश्रांती मिळेल. फळे आणि उकडलेल्या भाज्या, बाकी काही नाही. अठरा दिवस हे चालले. लघवी नळाच्या पाण्यासारखी झाली आणि बाई खूश झाल्या.

मित्रांनो, प्रेमाने केलेल्या गोष्टीला नावे ठेवू नयेत, पण माझे काय झाले ते मला सांगायलाच हवे. पाण्याचा असा लोंढा सुरू झाला की गाभ्यातले मीठ हळूहळू धुऊन जायला लागले. युरिया त्याच लोंढ्याबरोबर वाहून गेला, आणि कडधान्ये बंद म्हटल्यावर नवीन यायला तयार नव्हता. माझा गाभा पार अळणी झाला. मी ओरडून सांगणार तरी कोणाला?

पहिल्या तपासणीसाठी एक दिवसाची सगळी लघवी डब्यात साठवून न्यायची होती. बाईंनी दोन डबे भरून नेले. प्रयोगशाळेतल्या मावशींनी डबे उचलताना कमरेवर हात ठेवला आणि विचारले की हे एकट्या माणसाचे आहे का. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून विचारले, की एवढे पाणी रोज पिता का? बाई म्हणाल्या, छे, नेहमीसारखेच.

हे बाईंचे खोटे मला आवडले नाही. पण त्या वेळी त्यांचे हृदय असे धडधडत होते की मला रागही धरता येईना.

पाणी बेताचे पिऊन एवढी लघवी, म्हणजे किडन्यांना पाणी धरता येत नसावे, असा डॉक्टरीणबाईंना संशय आला. तो बरोबरच होता. त्यांनी दुसरी परीक्षा लावली. संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, सकाळी प्रयोगशाळेत येऊन बसायचे आणि दुपारपर्यंत तासातासाला नमुना द्यायचा. कोरडे राहिल्यावर लघवी किती दाट होते, ते मशीनवर आकड्यात दिसणार होते. आठशेच्या वर आकडा गेला की किडनी पास.

कोरडे राहणे म्हणजे माझा हातखंडा. बाईंच्या क्रेनवरच्या दिवसांत मी अकराशेच्या खाली उतरले नसेन. सकाळी मेंदूचा निरोप आला, आणि असा जोराचा आला की साऱ्या नळ्यांची दारे सताड उघडली. पण बाहेर गाभाच अळणी. पाणी दारांशी येऊन थांबायचे आणि पुढे निघून जायचे. मी जीव तोडून ओढत होते, शेजारी माझी बहीण ओढत होती. दुपारी मावशींनी आकडा लिहिला. चारशे तीस. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बाईंना शांतपणे सांगितले, की तुमच्या किडन्यांना पाणी राखता येत नाही. अशी किडनी भावाला देता येणार नाही, आणि एक काढली तर तुम्हीही अडचणीत याल. महिनाभराने पुन्हा बघू, पण तुम्ही फार आशा धरू नका. बाईंनी मान हलवली. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या.

आता कोणालाही वाटेल की बाईंनी पाणी कमी केले असेल. पण त्यांना वाटले, धुणेच कमी पडले. त्यांनी आणखी एक लिटर वाढवले.

दोन दिवसांनी भावाची मशीनवर झोपायची पाळी होती. बाई त्याच्याशेजारी मोठी बाटली घेऊन बसल्या होत्या. ग्लास भरायच्या, प्यायच्या, उठून जाऊन यायच्या, पुन्हा भरायच्या. भाऊ सुया टोचलेला हात न हलवता हे सगळे बघत होता. ज्याला पाणी मोजून मिळते ना, मित्रांनो, त्याला खोलीतल्या प्रत्येक ग्लासाची खबर असते.

"ताई, हा सहावा," तो म्हणाला.

"मोजतोस काय माझे ग्लास?"

"मला इथं दुसरं काम काय आहे? लहानपणापासून तुला बघतोय. तू कधी एका बैठकीत दोन ग्लास प्यायलेली नाहीस. काय चाललंय तुझं?"

बाईंनी आधी टाळाटाळ केली. मग सगळे सांगून टाकले. कोऱ्या चहासारखी लघवी, अठरा दिवस, बंद केलेली अंडी, डॉक्टरांशी बोललेले खोटे. सांगताना त्या रडल्या. भाऊ हसायला लागला, आणि इतका हसला की हात हलून मशीन टुंटुं करू लागली आणि नर्स धावत आली. ती गेल्यावर तो गंभीर झाला. आत्ताच्या आत्ता जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळे सांग, असे त्याने बजावले.

"काय तोंडानं सांगू? त्या म्हणतील, बाई खोटं बोलली. खोटं बोलणाऱ्या बाईची किडनी कोण घेईल?"

"मी घेईन की," भाऊ म्हणाला.

बाई उठल्या आणि तशाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. मला वाटले होते की आता बोलणी बसणार. पण डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले, एक कागद ओढला आणि त्यावर माझे चित्र काढले. गाभा, नळी, मीठ, युरिया. त्या म्हणाल्या, की तुम्ही किडन्यांची हत्यारेच धुऊन टाकलीत आणि वर त्यांना कामाला लावलेत. आता दोन आठवडे घरात सगळे जे खातात ते खा. तहान लागली की प्या, नाही लागली तर पिऊ नका. आणि मला पुन्हा खोटे सांगू नका, मला तुम्हालाही सांभाळायचे आहे.

त्याच दिवशी बाईंनी दोन अंडी खाल्ली. पहाटेपर्यंत युरिया माझ्या दारात हजर होता. मी त्याला आत घेतले, तळाशी बसवले. दिवसामागून दिवस मीठ साठत गेले, गाभा पुन्हा खारट होत गेला. माझी बहीण तर गुणगुणायला लागली होती.

दोन आठवड्यांनी कोरडे राहायची परीक्षा पुन्हा झाली. तेच बाक, तेच तास, त्याच मावशी. निरोप आला. दारे उघडली. पाणी असे ओढले गेले की मलाच आश्चर्य वाटले. शेवटच्या नमुन्यात चमचाभर लघवी होती, आणि मावशींनी आकडा दोनदा पाहिला. नऊशे चाळीस. त्यांनी तो कागद डॉक्टरीणबाईंकडे स्वतः नेला, शिपायाकडे दिला नाही.

बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या. नशिबाने खडाही नव्हता. दोघींपैकी मला निवडले, कारण माझी शीर लांब आहे आणि ती जोडायला सोपी जाते. निवड झाल्याचा आनंद मला एक घटका टिकला. मग लक्षात आले की आपण एकटीच जाणार. चव्वेचाळीस वर्षे आम्ही एकाच रक्तात राहिलो होतो, एकच निरोप दोघींनी मिळून ऐकला होता. निघायची वेळ आली. मी तिला एवढेच म्हणाले, की आता दोघींचे काम तुझ्या एकटीवर आले. ती म्हणाली, तू तुझे बघ. 

मग थंडगार बर्फ, आणि कसलाच आवाज नाही. रक्त नाही म्हणजे बातमी नाही. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. आणि मग एकदम ऊब आली, नवे रक्त आले, आणि ते बोलायला लागले. अखंड बोलत होते. मी ओळखले, हा भाऊच. मला त्याच्या पोटात पुढच्या बाजूला, उजवीकडे खाली बसवले होते. मागे कण्याजवळ त्याच्या दोन वाळलेल्या किडन्या होत्या. त्यांनी मला बघितले आणि जरा सरकून बसल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच माझ्यातून लघवीचा पहिला थेंब आला. डॉक्टर मंडळी त्या थेंबाकडे कौतुकाने बघत उभी होती. लघवीकडे इतक्या कौतुकाने बघणारी माणसे मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिले काही दिवस मी गोंधळलेलीच होते. बर्फाने बधिर झालेली, दारे कशी उघडायची तेही आठवेना. लघवी भरपूर आणि पातळ. शिवाय माझे सारे मज्जातंतू जुन्या घरीच तुटून राहिले होते. मला धाकधूक होती, की इथला मेंदू परका, त्याचा निरोप मला समजेल का? काही महिन्यांनी सलून पुन्हा उघडले, आणि एका दुपारी भाऊ तिथे उभा होता. पंखा बंद पडला होता, गिऱ्हाईक खुर्चीत होते, आणि त्याला घाम फुटला. तेव्हा तो निरोप आला. पाणी जपा. अक्षर न् अक्षर बाईंच्या घरी यायचा तोच. दारे आपोआप उघडली. त्या दिवशी मी या घरची झाले.

मित्रांनो, तीन वर्षे झाली. भाऊ रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घेतो, कारण त्याच्या अंगातले रोगांशी लढणारे शिपाई मला अजून परकी समजतात आणि गोळी चुकली तर मला हुसकायला निघतात. बाई पुन्हा क्रेनवर गेल्या, पण आता सकाळी दहाला आणि दुपारी तीनला खाली उतरतात, आणि नव्या चालकांनाही उतरवतात. तुम्हाला माझे सांगणे एवढेच आहे. तहान लागली की पाणी प्या, लागली की जा, खेळ अर्धा राहिला तरी चालेल. रक्तदाब मोजून घ्या असे घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि कधी आमची तपासणी करायची वेळ आली, तर आम्हाला नटवू नका. आहोत तशा दाखवा आणि विचारले ते खरे सांगा. आमच्यात जे काही कमी असेल, ते तुमच्या डॉक्टरांना आधी कळू द्या.

आता थांबते, कारण आज बाई केस कापायला येणार आहेत. दर दीड महिन्याने येतात. भाऊ खुर्चीच्या मागे उभा राहतो. मी त्याच्या पोटात पुढच्या बाजूला, आणि माझी बहीण बाईंच्या पाठीत. मधे फक्त खुर्चीची पाठ. बहीण आता माझ्यापेक्षा मोठी झाली आहे म्हणतात, एकटीने काम करून करून. आम्हाला बोलता येत नाही, एकमेकींचे रक्तही आता वेगळे आहे. पण तो अर्धा तास आम्ही दोघी जवळ असतो आणि वरचे दोघे बोलत असतात. बाईंचे केस ते किती, दहा मिनिटांचे काम. कापून झाले की बाई उठायला लागतात, आणि भाऊ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ताई, बस गं जरा. मागं अजून थोडं राहिलंय."